दूध सोडायचंय? इंदूरच्या मराठी घरासाठी पहिले तीन महिने

आमच्या राजेंद्रनगरात "मी व्हीगन झालेय" असं सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "मग चहा कशाचा पिता?" मांसाबद्दल कुणी विचारत नाही. आपल्यातल्या बऱ्याच घरांत ते शिजतच नाही आणि ज्यांच्याकडे शिजतं त्यांच्याकडेही रविवारपुरतं. आपली गाडी अडते चहापाशी, मग वरणावरच्या तुपापाशी आणि उन्हाळा आला की दहीभातापाशी. त्यामुळे या लेखात दुधाबद्दल जास्त आहे, मांसाबद्दल कमी.

मला सहा वर्षं झाली. चुका भरपूर केल्या, त्यांतली एक जरा महागात पडली. ती तुम्ही करू नये एवढ्यासाठी हे लिहायला बसले.

आधी शब्दाचा अर्थ. 'व्हीगन' हा शब्द इंग्लंडात 1944 साली डोनाल्ड वॉटसन आणि त्याच्या मंडळींनी काढला. दूध आणि अंडीही न खाणाऱ्या शाकाहाऱ्यांना स्वतःचं वेगळं नाव हवं होतं. म्हणजे मांस, मासे, अंडी, दूध आणि दुधाचं सगळं, शिवाय मधही नाही. आपल्याकडच्या 'शुद्ध शाकाहारी' पाटीत दूध-तूप गृहीत असतं. 'जैन' लिहिलेल्या थाळीतून कांदा-बटाटा गेलेला असतो, पनीर मात्र जागेवर असतं. या दोन पाट्यांवर विसंबून ऑर्डर देऊ नका.

पहिली पायरी: कशासाठी, ते स्वतःशी ठरवा

हे ठरलं नसेल तर तिसऱ्या आठवड्यात कुणाच्या तरी डोहाळजेवणात बासुंदीची वाटी समोर येते आणि प्रयोग तिथेच संपतो. मी स्वतः पाहिलंय, दोनदा. दोन्ही वेळा वाटी माझ्याच हातात होती.

माझं कारण वासरांचं आहे. गाय व्यायल्याशिवाय दूध देत नाही, हे माझ्या आजीला सांगावं लागलं नसतं. पिशवी कात्रीने कापणारी आपली पिढी ते विसरली. दूध चालू ठेवायचं तर गाय-म्हैस दर सव्वा-दीड वर्षाने व्यायला हवी. होणाऱ्या वासरांत निम्मे नर. पूर्वी गोऱ्ह्याचा बैल व्हायचा, नांगराला नाहीतर गाडीला जुंपला जायचा. आता माळव्यात उज्जैनकडे जा की देवासकडे, शेतात ट्रॅक्टरच दिसतो. मग गोऱ्हे जातात कुठे?

2019 च्या पशुगणनेत देशात गायी-कालवडी साधारण 14.5 कोटी भरल्या आणि बैल-गोऱ्हे मिळून 4.7 कोटींच्या आसपास. म्हशींचं तर विचारूच नका. जवळजवळ 11 कोटींत 10 कोटी माद्या. जन्माला नर-मादी सारखेच येतात, त्यामुळे मधल्या फरकाचं काय झालं ते ज्याने त्याने ओळखावं. रेडकं दूध न मिळून मरतात किंवा मांसाच्या धंद्यात जातात, आणि म्हशीच्या मांसाच्या निर्यातीत आपला देश जगातल्या मोठ्या निर्यातदारांपैकी आहे. गायीचं वेगळं. मध्य प्रदेशात 2004 च्या कायद्याने गोवंशाच्या कत्तलीला बंदी आहे. म्हणून भाकड गाय आणि नको असलेला गोऱ्हा रस्त्यावर सुटतो. त्याच गणनेत देशभर 50 लाख मोकाट गुरं मोजली गेली. बायपासवर रात्री गाडी चालवणाऱ्याला हा आकडा वेगळा सांगायला नको. आता सरकारी योजनेतून लिंग निवडलेल्या वीर्याच्या कांड्या शेतकऱ्यांना पुरवतात, कालवडच व्हावी म्हणून. नर कुणालाच नको आहे हे यातून उघड कबूल केलंय, असं मला वाटतं.

अंड्यांचंही तसंच. अंडी घालणाऱ्या जातीचा नर अंडं देत नाही आणि मांसालाही परवडत नाही, म्हणून उबवणी केंद्रात तो जन्मल्या दिवशीच मारला जातो.

एक गोष्ट मात्र आधीच सांगते. दारात दोन म्हशी बांधून पोरांची फी भरणाऱ्या बाईला मी दोष देत नाही. भारत जगात सगळ्यांत जास्त दूध काढणारा देश आहे (2023-24 मध्ये सुमारे 23.9 कोटी टन), आणि त्यातलं बरंचसं अशाच छोट्या गोठ्यांतून येतं. मी माझ्या कपाचं ठरवलं, तिच्या गोठ्याचं नाही. नवे व्हीगन इथेच घसरतात आणि पहिल्याच महिन्यात दूधवाल्याशी वाद घालून बसतात.

आता तब्येत. या विषयावर लोक फार फेकाफेक करतात. मधुमेह पळतो, गुडघे सुधारतात, चेहरा उजळतो, काय वाट्टेल ते. माहीत असलेलं एवढंच: इंग्लंडातल्या एपिक-ऑक्सफर्ड नावाच्या दीर्घ पाहणीत शाकाहारी लोकांत (त्यांत व्हीगन धरलेले) हृदयविकार मांसाहाऱ्यांपेक्षा कमी आढळला. 2019 मध्ये छापलेला आकडा 22 टक्क्यांचा होता. त्याच अहवालात पक्षाघाताचं प्रमाण मात्र शाकाहाऱ्यांत थोडं जास्त निघालं. पुढच्या वर्षी त्याच पाहणीतून आलं की व्हीगन लोकांत हाडं मोडण्याचं प्रमाण जास्त आहे, विशेषतः खुब्याचं. अमेरिकेत ॲडव्हेंटिस्ट पंथाच्या लोकांवरच्या मोठ्या अभ्यासात व्हीगन मंडळींत मधुमेह कमी दिसला. यातली तुलना बहुतेक रोज मांस खाणाऱ्यांशी आहे. आपण आधीपासूनच वरण-भात-पोळीवाले, तेव्हा तो सगळा फायदा जसाच्या तसा आपल्या खात्यात जमा होईल असं धरू नका. आपला खरा फायदा तूप, साय, मावा आणि पनीर यांतून जाणारी संतृप्त चरबी कमी होण्यात आहे. तुपात ती 60 टक्क्यांच्या आसपास असते, आणि एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, वाढायला तिचा हात असतो. दूध प्यायलं की पोट गुडगुडतं अशी तक्रार वर्षानुवर्षं करणाऱ्यांना तर पंधरा दिवसांतच फरक कळतो.

आणि ज्यांच्याकडे सॉसेज-सलामी येते त्यांच्यासाठी: जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2015 साली प्रक्रिया केलेलं मांस कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलंय.

दुसरी पायरी: दूध बंद करण्याआधी रक्त तपासा

हीच ती महागात पडलेली चूक.

बी-12 हे जीवनसत्त्व ना झाड बनवतं, ना जनावर. ते जिवाणू बनवतात. जनावरांमार्फत ते मांस, अंडी, दूध यांत उतरतं. भाजीत, डाळीत, फळांत ते नसतं. मला मात्र कुणीतरी सांगितलं होतं की इडली-आंबिलीसारख्या आंबवलेल्या पदार्थांतून मिळतं. मिळत नाही, भरवशाचं तर नाहीच. पहिल्या वर्षी मी गोळी घेतली नाही. चौदाव्या महिन्यात तळव्यांना मुंग्या यायला लागल्या. दोन महिने मी नव्या चपलांना दोष दिला. मग बँकेत आकडे लिहिताना चुका व्हायला लागल्या तेव्हा नवऱ्याने धरून तपासणीला नेलं. आकडा पाहून डॉक्टरांनी थेट इंजेक्शनंच लिहून दिली.

यात एक मेख आहे. गोऱ्या माणसाने मांस सोडलं तर यकृतातला बी-12 चा साठा काही वर्षं पुरतो. आपल्याकडे साठाच तोकडा असतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने आसपासच्या खेड्यांतल्या गरोदर बायकांचं बी-12 मोजलं, तर निम्म्याहून जास्त जणींत ते कमी निघालं. या दूध-दही खाणाऱ्या बायका होत्या. थोडक्यात, आपण रिकाम्या टाकीवर निघतो.

म्हणून दूध सोडण्याआधी तीन तपासण्या करून घ्या: बी-12, ड जीवनसत्त्व आणि हिमोग्लोबिन (जमल्यास फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा, तोसुद्धा). शरीराची गरज रोज दोन-अडीच मायक्रोग्रॅमची, पण गोळीतलं सगळं शोषलं जात नाही. म्हणून इंग्लंडची व्हीगन सोसायटी रोज 10 मायक्रोग्रॅम किंवा आठवड्याला एकदाच 2000 मायक्रोग्रॅम घ्या म्हणते. आकडा आधीच कमी असेल तर मात्र डोस डॉक्टरांना ठरवू द्या. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनी जास्त जपावं, ते औषधही बी-12 खाली आणतं.

गोळी निवडताना: कॅप्सूलचं कवच बहुतेक वेळा जिलेटिनचं, म्हणजे जनावराच्या हाडा-कातड्याचं असतं. साधी टॅब्लेट मागा. ड-3 सहसा मेंढीच्या लोकरीतल्या मेणातून काढतात. दगडफुलाच्या वर्गातल्या लायकेनपासून केलेलंही मिळतं, पण शोधावं लागतं. सुरुवातीला हे मनाला लावून घेऊ नका. मी पहिले सहा महिने लोकरीचंच घेतलं.

गरोदर, अंगावर पाजणाऱ्या आणि लहान मुलं असतील तर आहारतज्ज्ञाशी बोलल्याशिवाय काही बदलू नका. अमेरिकेतल्या आहारतज्ज्ञांच्या संघटनेने 2016 साली नीट आखलेला व्हीगन आहार सगळ्या वयांना चालतो असं म्हटलं होतं. 2025 च्या नव्या भूमिकेत मात्र त्यांनी फक्त प्रौढांबद्दलच बोललंय. किडनीचा आजार असेल किंवा थायरॉइडची गोळी चालू असेल तरीही आधी विचारा. सोयाबीन आणि थायरॉइडची गोळी यांत काही तासांचं अंतर लागतं.

तिसरी पायरी: आठवडाभर नुसतं लिहा

काहीही सोडू नका. जे खाल ते कागदावर उतरवा आणि जिथे दूध, दही, तूप, पनीर, अंडं, मध आहे तिथे खूण करा. बहुतेकांना धक्का बसतो, तो उलट दिशेने. पोहे, उसळ, पिठलं-भाकरी, झुणका, भरली वांगी, आमटी, मसालेभात, थालीपीठ, शेंगदाण्याची चटणी, कोशिंबीर (दही न घातलेली), साधी भाजी-पोळी. यांत दूध नाहीच. उपासाची भगर आणि दाण्याची आमटी, संक्रांतीचे तिळगूळ, चैत्रातलं पन्हं आणि आंबेडाळ, हेही चालतं.

माझ्या कागदावर खुणा झाल्या फक्त पाच प्रकारच्या: दिवसाचे चार चहा, एक वाटी दही, पोळीला आणि वरणाला तूप, आठवड्यातून एकदा पनीर आणि गोड. म्हणजे लढाई पाच जागांची. ती एकेक करून लढा. पहिला महिना चहा आणि पनीर, दुसरा दही, तिसरा तूप. गोड सगळ्यांत शेवटी.

चौथी पायरी: चहा, आणि सियागंजातलं सोयाबीन

आपण सोयाबीनच्या राजधानीत राहतो आणि सोयाबीन खात नाही. माळव्यात हे पीक गेल्या पन्नास वर्षांत पसरलं, 'पिवळं सोनं' म्हणत लोकांनी लावलं. देशाची सोयाबीन संशोधन संस्था इथे इंदुरातच आहे आणि तेलवाल्यांची संघटनाही. दाण्यात तेल जेमतेम 20 टक्के, प्रथिनं 36 ते 40. आपण तेल काढून घेतो आणि उरलेली पेंड, जिला बाजारात डीओसी म्हणतात, ती कोंबड्यांच्या खाद्याला आणि निर्यातीला जाते. प्रथिनं कोंबडीला आणि तेल आपल्या कढईत. मला हे कायम विचित्र वाटत आलंय.

सियागंजातून किंवा छावणीच्या धान्यबाजारातून किलोभर स्वच्छ, बियाण्याला औषध न लावलेलं खाण्याचं सोयाबीन आणा. बियाण्याचं चुकूनही नको.

दूध असं करते. 100 ग्रॅम सोयाबीन रात्रभर भिजवायचं, थंडीत दहा-बारा तास. ते पाणी टाकून द्यायचं. मग उकळत्या पाण्यात चिमूटभर खायचा सोडा घालून पाच मिनिटं उकळायचं आणि चोळून सालं काढायची. सोयाबीनचा तो कच्चा, शेंगेसारखा वास इथेच जातो. ही पायरी गाळणारेच नंतर "सोयाचं दूध वाईट लागतं" म्हणत फिरतात. मिक्सरमधून वाटताना पाणी गरमच घ्यायचं, एकूण लिटरभर. धुवट पंचातून गाळून मंद आचेवर वीस मिनिटं ढवळत उकळायचं. सोयाबीन कच्चं असेल तर त्यातलं एक द्रव्य प्रथिनांचं पचन अडवतं, ते नीट शिजल्यावरच जातं. ऊतू फार जातं, पातेलं मोठं घ्या. पाऊण लिटरच्या वर दूध मिळतं. पंचातला चोथा थालीपिठाच्या भाजणीत मिसळा.

आता चहा. पूर्वीसारखं सगळं एकत्र उकळलंत तर फाटेल. चहापत्ती, साखर, आलं पाण्यात उकळून गाळा. सोयादूध वेगळं गरम करा आणि कपात वरून ओता. पहिले चार दिवस तोंड वाकडं होतं. दहाव्या दिवशी सवय होते. नाहीच झाली तर लिंबू घालून कोरा चहा आहेच. विकतचं बदामाचं किंवा ओटचं पेय लिटरला दोनशे रुपयांच्या पुढे जातं, रोजच्या चार कपांना ते परवडत नाही. पण त्यात बऱ्याचदा वरून कॅल्शियम घातलेलं असतं आणि घरच्या सोयादुधात ते फारसं नसतं, हे लक्षात ठेवा. अशा खोक्यांवर 'दूध' हा शब्द दिसणार नाही. नियमाप्रमाणे दूध म्हणजे जनावराचंच, म्हणून 'ड्रिंक' किंवा 'बेव्हरेज' लिहितात.

पनीरच्या जागी टोफू. घरच्या सोयादुधात लिंबू पिळून, फाडून, बांधून दाबलं की तयार. आमच्याकडे मटार-टोफू सगळे मुकाट्याने खातात. टोफू नुसताच तळून पुढे ठेवला तर मात्र कुणी हात लावत नाही, हेही खरं.

पाचवी पायरी: दही, दाण्याचं

सोयाचं दही लागतं, पण मला दाण्याचं जास्त आवडतं. वाटीभर शेंगदाणे सहा-सात तास भिजवून, सालं काढून, तीन वाट्या पाण्यात वाटा. गाळा, सात-आठ मिनिटं उकळा आणि कोमट होऊ द्या. विरजणाला दही घालायचं नाही म्हटल्यावर काय? हिरव्या मिरचीचे सात-आठ देठ, थोडी मिरची लागलेली असतील तर उत्तम, धुऊन त्यात बुडवायचे. देठांवरचे जिवाणू काम करतात. उन्हाळ्यात आठ तासांत लागतं. डिसेंबरात इंदूरच्या गारठ्यात डबा गोधडीत गुंडाळून ठेवावा लागतो. पहिलं विरजण पातळ आणि जरा उग्र होतं. त्यातलं चमचाभर पुढच्याला लावलं की तिसऱ्या खेपेला कवडीदार येतं. दाण्याच्या दह्याची कढी अशी होते की पाहुण्यांना सांगावं लागतं. मठ्ठ्याला आलं-जिरं लावा. दहीभाताला मात्र मोहरी-मिरचीची फोडणी हवीच, नुसता दाण्याचा वास लपत नाही.

सहावी पायरी: तूप

सगळ्यांत सोपी आणि सगळ्यांत भावनिक. फोडणी तेलाची करा. पोळी मऊ राहायला कणकेत तेल घाला. वरणभातावर मी लिंबू पिळते आणि चमचाभर कच्चं दाण्याचं तेल घेते. पुरणपोळीवर नारळाचं घट्ट दूध.

दोन सावधगिऱ्या. तूप सोडून सगळीकडे खोबरेल ओतू नका. त्यात संतृप्त चरबी तुपापेक्षाही जास्त, 80 टक्क्यांच्या वर असते. आणि वनस्पती तूप व्हीगन असलं तरी भलं नव्हे. जानेवारी 2022 पासून त्यातल्या ट्रान्स फॅटवर 2 टक्क्यांची मर्यादा आली, एवढंच.

सातवी पायरी: ताटात काय वाढवायचं

दूध काढलं आणि जागा रिकामी ठेवली की अशक्तपणा येतो. प्रथिनांची गरज आपल्या आयसीएमआर या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या हिशेबाने किलोमागे रोज 0.83 ग्रॅम. साठ किलोच्या माणसाला 50 ग्रॅम. चार पोळ्यांतून बारा, मोठ्या वाटीभर घट्ट वरणातून दहा, मूठभर शेंगदाण्यांतून सात, वाटीभर मटकी-मुगाच्या उसळीतून आठ-नऊ आणि 30 ग्रॅम सोयावडीतून पंधरा. झाले की पन्नासच्या वर. पातळ पाणीदार वरण या हिशेबात धरू नका.

कॅल्शियम प्रौढाला रोज 1000 मिलिग्रॅम हवं. तिळात भरपूर आहे, 100 ग्रॅममागे हजाराच्या वर, पण सालासकट तिळातलं सगळं अंगी लागत नाही, आणि 100 ग्रॅम तीळ खाणार कोण? नाचणीत साडेतीनशेच्या आसपास. नाचणीची भाकरी, राजगिऱ्याचा लाडू, शेवग्याचा पाला, मेथी, तिळाची चटणी असं सगळीकडून जमवावं लागतं. हाडांचा तो इंग्लंडातला अहवाल आठवा. पन्नाशीच्या बायकांनी कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि वजन उचलायचा व्यायाम यांत अजिबात हयगय करू नये. मी जिन्याने जाते आणि त्याला व्यायाम म्हणते, तो व्यायाम नाही, असं माझी डॉक्टर म्हणते.

लोहासाठी आपण इंदूरकर नकळत एक गोष्ट बरोबर करतो आणि लगेच बिघडवतो. पोह्यांवर लिंबू पिळतो, त्याने लोह चांगलं शोषलं जातं. पाठोपाठ चहा पितो, तो शोषण अडवतो. तासभर थांबा. जवसाची चटणी रोज चमचाभर, ओमेगा-3 साठी. मीठ आयोडीनयुक्तच. उपासाच्या सैंधवात आयोडीन घातलेलं नसतं, ते रोजचं करू नका.

आठवी पायरी: सराफा, छप्पन या खाऊगल्ल्या आणि रस्त्यावरचं

इंदूर सोडून दुसऱ्या गावात व्हीगन होणं मला जमलं असतं का, शंका आहे. सकाळचे पोहे, वर शेव, डाळिंब, जिरावन मसाला; सगळं चालतं. उसळ-पोहे चालतात. थंडीतला गराडू (एक कंद) तेलात तळून वर मसाला, चालतो. खोपरा पॅटिस बहुतेक ठिकाणी चालतं. लवंग शेव, लसूण शेव तर हक्काची.

फसवणारे पदार्थ वेगळेच. भुट्ट्याचा कीस दुधातच शिजवतात. घरी नारळाच्या दुधात करा, उत्तम होतो. इथली शिकंजी म्हणजे लिंबूपाणी नव्हे, दुधाची दाट, सुक्या मेव्याची. बाहेरगावचे पाहुणे हमखास फसतात. जिलबीच्या पिठात दही असू शकतं आणि तळणी तुपाची. बाफले, म्हणजे कणकेचे उकडून भाजलेले गोळे, तुपात बुडवूनच येतात, आणि बिनतुपाचे मागितले तर वाढणारा तुमच्याकडे आजारी माणसाकडे पाहावं तसं पाहतो. नान-कुलच्याच्या पिठात बहुधा दही-दूध असतं, तंदुरी रोटी बिनलोण्याची मागा.

दुकानात 'व्हीगन' हा शब्द वापरू नका, कुणाला कळत नाही. सरळ विचारा, "भिया, इसमें घी, दही, दूध, मावा तो नहीं है?" चारही नावं घ्यायची. नुसतं "दूध नहीं ना?" विचारलं तर दही घातलेलं असलं तरी उत्तर "नहीं" येतं, आणि तो खोटं बोलत नसतो.

नववी पायरी: पाकिटं

हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, दूध त्यात येतं. अन्नसुरक्षा बघणाऱ्या एफएसएसएआय या सरकारी संस्थेने 2022 मध्ये व्हीगन पदार्थांचे नियम आणले. तेव्हापासून हिरव्या चौकटीतलं पान असलेलं 'व्ही' हे चिन्ह पाहायला मिळतं, पण फार थोड्या मालावर. बाकी ठिकाणी घटकांची यादी वाचा: मिल्क सॉलिड्स, व्हे, केसीन, बटर ऑइल. खाली ॲलर्जीच्या ओळीत दुधाचा उल्लेख असतो, ती ओळ आधी वाचली की वेळ वाचतो. बिस्किटं, मसाला लावलेले चिप्स आणि चॉकलेट इथे जास्त फसगत.

दहावी पायरी: घरची माणसं आणि पंगत

सासूबाईंनी पहिल्या आठवड्यात एकच विचारलं, "देवाला काय दाखवायचं?" त्यावर मी वाद घातला नाही. देवाचं पंचामृत त्या करतात, मी तीर्थ म्हणून नुसतं पाणी घेते. गणपतीत उकडीच्या मोदकाची पारी खोबरेलाच्या हाताने वळली, वर तूप ज्याने त्याने आपापलं घेतलं. तिसऱ्या वर्षी त्यांनी स्वतःच आवर्तनं मोजत माझ्यासाठी सात मोदक बाजूला काढले. नवरा अजून दुधाचा चहा पितो. गॅसवर दोन पातेली असतात, भांडणं मात्र साखरेवरून होतात.

कुणाकडे जेवायला जायचं असेल तर दोन दिवस आधी फोन करा, आणि काय चालत नाही याच्याऐवजी काय चालतं ते सांगा. "वहिनी, तेलाच्या फोडणीचं पिठलं आणि भाकरी केलीत तरी पुरे," म्हटलं की त्यांचा जीव भांड्यात पडतो. तिसऱ्या महिन्याच्या शेवटी रक्त पुन्हा तपासा, मग वर्षातून एकदा.

आणि लग्नाच्या पंगतीत वरणभात वाढून झाला की तूपवाला लगेच मागून येतो, तुम्ही "नको" म्हणेपर्यंत त्याची पळी वाकलेली असते. तो दोन पानं अलीकडे असतानाच तळहात भातावर आडवा धरा. शेजारचे काका "अहो, थोडं तरी" म्हणतील. हात काढू नका, तूपवाला पुढच्या पानावर जाईपर्यंत.